शेठनी यॉट घेतली, आता क्रू कुठून आणायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या एका उद्योगपतींच्या ऑफिसचा कारभार पाहणारे गृहस्थ लिहितात, की शेठनी ४२ मीटरची जुनी मोटरयॉट घेतली आहे. बोट फ्रान्समध्ये आंतीबला उभी आहे, झेंडा केमन बेटांचा, वापर फक्त घरचा. जुन्या मालकाचा सगळा क्रू निघून गेला आहे. नवा क्रू कुठून आणायचा, खर्च किती धरायचा, गेटवेसमोरच्या छोट्या बोटीवरचा विश्वासू तांडेल कॅप्टन म्हणून पाठवता येईल का, कोकण-गोव्याची मुलं घेतली तर स्वस्त पडेल का, घरचे महाराज बरोबर नेता येतील का, आणि हे सगळं मुंबईत बसून सांभाळायचं कसं?

मी व्यापारी जहाजांवरून यॉटवर आलो. आता स्पेनच्या मायोर्का बेटावर, पाल्मात राहून काही खासगी बोटींचा क्रू आणि हिशेब पाहतो. भारतीय मालकांबरोबरही काम केलं आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नामागचे न विचारलेले प्रश्नही ओळखीचे आहेत.

आधी एक समजूत खोडतो. माणसं मिळत नाहीत असं मुळीच नाही. मार्च-एप्रिलात सकाळी आठला आंतीबच्या पोर्ट वोबाँवर जा. इस्त्रीचा पोलो शर्ट आणि हातात सीव्हीची फाइल घेतलेली विशी-पंचविशीतली पोरंपोरी एकेका बोटीच्या पासरेलपाशी, म्हणजे चढायच्या फळीपाशी, थांबून ‘आज काही काम आहे का’ विचारताना दिसतील. दक्षिण आफ्रिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सगळीकडची. पाल्मातही तेच चित्र. रोजावर बोट धुवायची, स्टील चमकवायचं, आणि त्यातूनच पक्की नोकरी लागते. एजन्सीला फोन केलात तर संध्याकाळपर्यंत दहा सीव्ही तुमच्या मेलवर येतील. खरी अडचण पुढच्या हंगामाला त्यातलं कोण उरतं ही आहे. आणि ते बोटीवर कमी ठरतं, मालकाच्या ऑफिसात जास्त. म्हणजे तुमच्या टेबलावर.

दुसरं, नवा क्रू शोधायच्या आधी जुना का गेला हे शोधा. मालक बदलला म्हणून गेला असेल तर ठीक. पगार थकले म्हणून गेला असेल, तर ते भूत तुमच्या मानगुटीवर बसू शकतं. सागरी कायद्यात क्रूच्या पगाराचा बोजा बोटीवर असतो. मालक बदलला तरी तो बोटीबरोबर येतो, आणि बँकेच्या गहाणाच्याही आधी त्याचा नंबर लागतो. विजय मल्ल्यांची ९५ मीटरची ‘इंडियन एम्प्रेस’ आठवत असेल. मार्च २०१८ मध्ये माल्टात ती अडकली ती बँकांमुळे नव्हे. चाळीसहून जास्त क्रूचे, त्यात भारतीयही होते, दहा लाख डॉलरच्या वर पगार थकले होते, आणि नॉटिलस इंटरनॅशनल या युनियननं त्यांच्या वतीनं बोट अडकवून ठेवली. त्याच वर्षी ती लिलावात गेली. तेव्हा विकणाऱ्याकडून प्रत्येक जुन्या क्रूची ‘माझा हिशेब चुकता झाला’ अशी सही घेतलेली पावती मागा. वकील म्हणेल करारात कलम आहे. कलम असू दे, पावत्या मागाच.

आता तांडेलमामा. भर ओहोटीच्या ओढीत गेटवेसमोर बोया पकडणं, मांडव्याच्या वाटेवर जाळी चुकवणं, हे आंतीबच्या भल्याभल्या कॅप्टनला पहिल्या दिवशी जमायचं नाही. पण भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नावालाच असते आणि परीक्षा वेगळीच असते. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला आडवी लावतच नाहीत, पाठीनं लावतात. समोर दोन नांगर टाकायचे, साखळी सोडत मागे यायचं, आणि दोन बोटींच्या मधल्या फटीत शिरायचं. दोन्हीकडे फेंडरपुरतीच, म्हणजे बोटी घासू नयेत म्हणून लावायच्या गाद्यांपुरतीच, जागा उरते. त्यात मिस्त्राल, म्हणजे तिथला जोरदार वायव्य वारा, सुटला, की शेजारच्या बोटीची किंमत आठवून घाम फुटतो. हे मामा वर्षभरात शिकतील, मला शंका नाही. अडचण कागदाची आहे. विमा कंपनीला कॅप्टनचं नाव आणि त्याचं सर्टिफिकेट लागतं. तुमच्या आकाराच्या, म्हणजे ५०० ग्रॉस टनांच्या आतल्या बोटीला ब्रिटनच्या एमसीए या सागरी सुरक्षा खात्याचं मास्टर यॉट्स ५०० ग्रॉस टन किंवा त्याच्या तोडीचं. ते नसताना काही घडलं तर विमा कंपनी हात वर करेल आणि शेठ तुमच्याकडे पाहतील. मामांना डेकहँड म्हणून न्यायचं म्हटलं, तर पन्नाशीच्या माणसाला विशीतल्या पोराच्या वरच्या बंकवर झोपवायचं, हे मला पटत नाही. त्यांना गेटवेलाच मानानं राहू द्या.

कॅप्टन आधी घ्या, बाकीचे त्याला घेऊ द्या. भारतीय ऑफिसं नेमकं उलटं करतात. शेठच्या मित्रानं सुचवलेला शेफ, मेहुण्याच्या ओळखीची स्टुअर्डेस, असं जमवून झाल्यावर वर कॅप्टन आणून बसवतात. मग पहिल्या भांडणात कोणाची बाजू घ्यायची हे कोणालाच कळत नाही. चांगले कॅप्टन उन्हाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारीत, नोकरी बदलायच्या विचारात असतात. एप्रिलमध्ये मोकळा असलेला कॅप्टन वाईटच असतो असं नाही, पण का मोकळा आहे हे विचारायलाच हवं.

एजन्सी आंतीबला आहेत, पाल्माला आहेत, अमेरिकेत फोर्ट लॉडरडेलला आहेत. फी मालक देतो, सहसा त्या माणसाच्या महिन्याच्या पगाराच्या आसपास, आणि ठरावीक मुदतीत माणूस सोडून गेला तर बदली देतात. ही मुदत लेखी घ्या. कोणी क्रूकडूनच पैसे घेत असेल तर तिथून उठा. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारात त्याला मनाई आहे.

संदर्भपत्रं वाचू नका, फोन करा. तोही सीव्हीवरच्या मोबाइल नंबरावर करू नका, कारण तो मित्राचा असू शकतो. बोटीच्या व्यवस्थापन कंपनीमार्फत जुन्या मालकाच्या माणसापर्यंत पोचा. एकच प्रश्न पुरतो: पुन्हा घ्याल का? ‘हो’ लगेच आलं तर ठीक. ‘कामाला चांगला आहे, पण’ असं सुरू झालं की पुढचं नीट ऐका. सर्टिफिकेटं देणाऱ्या खात्याकडून पडताळून घ्या. पाच मिनिटांचं काम असतं, तरी कोणी करत नाही.

मुलाखतीत मी विचारतो, मागच्या मालकाला ‘नाही’ केव्हा म्हणालात? ज्याच्याकडे या प्रश्नाला एकही गोष्ट नाही, तो शेठना खूश करायला रात्रीच्या वाऱ्यात कोर्सिकाला बोट काढेल. मागच्या रिफिटचं, म्हणजे बोटीच्या मोठ्या दुरुस्ती-नूतनीकरणाचं, अंदाजपत्रक आणि शेवटचं बिल दोन्ही दाखवा म्हणतो. तफावत असणारच. ती का पडली हे तो कसं सांगतो ते बघायचं. आणि त्याच्या हाताखाली माणसं किती काळ टिकली हे विचारायचं. दर चार महिन्यांनी डेकहँड बदलणाऱ्या कॅप्टनच्या बोटीवर पाणी कुठं मुरतंय ते शोधायला फार लांब जावं लागत नाही.

नवरा-बायकोची जोडी, तो कॅप्टन आणि ती चीफ स्टू म्हणजे मुख्य स्टुअर्डेस, तुम्हाला हमखास सुचवली जाईल. एक केबिन वाचते आणि दोघं एकमेकांना सोडून जात नाहीत. पण जातात तेव्हा एका दिवसात बोटीचं डोकं आणि घर दोन्ही जातं. शिवाय आतल्या, म्हणजे केबिन आणि वाढप पाहणाऱ्या, खात्यातल्या मुलीला चीफ स्टूबद्दल तक्रार करायची असेल तर ती कोणाकडे करायची? तीस मीटरच्या आत मी जोडी घेतो. बेचाळीसला टाळतो.

तुमच्या बोटीला आठ माणसं लागतील: कॅप्टन, मेट (कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी), इंजिनिअर, दोन डेकहँड, शेफ, चीफ स्टू आणि एक स्टू. घरची मंडळी दहा-बारा असतील तर तिसरी स्टू हंगामापुरती. पगाराचा अंदाज महिन्याचा, युरोत धरा. कॅप्टन ९ ते ११ हजार, इंजिनिअर ६ ते साडेसात, शेफ ५ ते ७, मेट ४ ते साडेपाच, चीफ स्टू ४ ते ५, आणि नवखे डेकहँड-स्टू अडीच ते तीन हजार. म्हणजे पगारालाच वर्षाला साधारण पाच लाख युरो. त्यावर जेवण, विमानभाडं, गणवेश, आरोग्यविमा, प्रशिक्षण, एजन्सी, तेव्हा सहा ते साडेसहा लाख मनात धरा. शेठना हा आकडा बोट घ्यायच्या आधी कोणी सांगितला नसेल, तर आता तुम्ही सांगा. आणि खासगी बोटीवर टिप नसते हे विसरू नका. चार्टरच्या, म्हणजे भाड्यानं दिल्या जाणाऱ्या, बोटीवरची स्टू एका चांगल्या हंगामात टिपमधून पगाराएवढे पैसे कमावू शकते. तुमच्याकडे तिनं का राहावं? उत्तर असं हवं: पगार थोडा वर, वर्षाला साठ दिवसांची भरपगारी सुट्टी, वर्ष पूर्ण केल्यावर एक जादा पगार, आणि हिवाळ्यात मालक नसताना ठरलेले कामाचे तास. हे देणाऱ्या खासगी बोटींवर माणसं चार-चार वर्षं राहतात.

शेठ कधीतरी म्हणतील, दोन आठवडे बोट मित्राला भाड्यानं देऊ, तेवढाच खर्च निघेल. तसं परस्पर करू नका. भाडं घेतलं की बोट व्यापारी झाली. नोंदणी, कर, विमा, सगळंच बदलतं.

कायद्याचं बोलायचं तर सागरी श्रम करार, ज्याला आम्ही एमएलसी म्हणतो, २० ऑगस्ट २०१३ पासून लागू आहे, पण व्यापारी वापरातल्या बोटींना. घरच्या वापराच्या यॉटला तो बहुतेक झेंड्यांखाली बंधनकारक नाही. तुमचा वकील हे आनंदानं सांगेल. त्याचं ऐकू नका, करार एमएलसीच्याच नमुन्यावर करा. पगार, सुट्टी, घरी परतायचं तिकीट, आजारपण, नोटीस, सगळं लेखी. विश्रांतीचा नियमही तोच ठेवा: चोवीस तासांत किमान १० तास, सात दिवसांत ७७, आणि दिवसातली विश्रांती दोनच तुकड्यांत, त्यातला एक सलग सहा तासांचा. कायदा विचारत नाही म्हणून हे सोडून दिलेल्या बोटींवर काय होतं ते सांगतो. पाहुणे मागच्या डेकवर रात्री तीनपर्यंत बसतात. स्टू ग्लास उचलून साडेतीनला झोपते. आजोबांचा चहा सहाला असतो. हे चार दिवस चाललं की पाचव्या दिवशी तीच मुलगी लाटेत टेंडरमधून, म्हणजे ने-आण करायच्या छोट्या बोटीतून, आजींना हात देऊन वर घेत असते. आजी पडल्या तर दोष कोणाचा? उपाय सोपा आहे: रात्रीची आणि सकाळची स्टू वेगळी ठेवा, आणि म्हणूनच हंगामात ती तिसरी स्टू घ्या.

आणखी एक गोष्ट लेखी हवी. छेडछाड, मारहाण, दारू यांबद्दलची तक्रार कॅप्टनला वगळून कोणाकडे करता येईल, त्या जमिनीवरच्या माणसाचं नाव आणि नंबर क्रू मेसच्या भिंतीवर लावा. मोठ्या व्यापारी बोटींना असा माणूस नेमावाच लागतो. तुम्हाला सक्ती नाही, म्हणून तर आठवण करतोय. नाविकांसाठी काम करणाऱ्या ईस्वान संस्थेची यॉट क्रू हेल्प ही चोवीस तासांची हेल्पलाइन आहे, तिचा नंबरही त्याच कागदावर.

आता कोकण-गोव्याच्या मुलांचं. रत्नागिरी, रायगडची घरंच्या घरं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेलेली, आणि गोव्याच्या स्टुअर्डांनी तर पी अँड ओ या ब्रिटिश बोट कंपनीच्या काळापासून जगाला वाढलंय. कसबाचा प्रश्नच नाही. प्रश्न पासपोर्टचा आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो आणि १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. बोटीवर रुजू झाल्याचा शिक्का बंदराच्या पोलिसांनी पासपोर्टवर मारला तर मोजणी थांबते, पण बोट महिनोन्‌महिने धक्क्यालाच उभी असेल तर सगळीकडे तो शिक्का सहज मिळत नाही. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं प्रवेश-निर्गमनाची यांत्रिक नोंद सुरू केली आहे, त्यामुळे पूर्वी पानांवरचे पुसट शिक्के पाहून सोडून देणारा अधिकारी आता स्क्रीन पाहतो. म्हणूनच आंतीब-पाल्माचे कॅप्टन आयत्या वेळी भारतीय माणूस घ्यायला कचरतात.

तरीही दोन जागांसाठी मी भारतीय माणूस मुद्दाम शोधेन. एक इंजिनिअर. आपल्याकडच्या व्यापारी जहाजांवरचा सर्टिफिकेटवाला इंजिनिअर तुमच्या इंजिनरूममध्ये उजवा ठरेल. त्याच्या सर्टिफिकेटला झेंड्याच्या देशाची मान्यता घ्यावी लागते, ते काम आधी सुरू करा. त्याला एक गोष्ट मात्र समजावून सांगा: इथे पाहुण्यांच्या बाथरूममधला नळ गळला तरी तोच प्लंबर. काहींना ते झेपत नाही. दुसरी जागा आतल्या खात्यात, गोव्याचा एखादा स्टुअर्ड, क्रूझवर चार-पाच करार केलेला, घरच्या थोरामोठ्यांशी हिंदीत बोलणारा. दोघांकडे सीडीसी (खलाशाचं अधिकृत नोंदपुस्तक), एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण आणि वैद्यकीय प्रमाणपत्र हवं, त्यातले पाण्यात तग धरण्याचे आणि आग विझवण्याचे भाग दर पाच वर्षांनी ताजे केलेले. भारतातून माणूस घेताना एजंटकडे डीजी शिपिंग या सरकारी नौवहन खात्याचा, खलाशी भरतीचा आरपीएसएल परवाना आहे की नाही ते पाहा. ‘तीन लाख द्या, युरोपच्या यॉटवर लावतो’ म्हणणारे गावोगाव फिरतात. तुमच्या बोटीचं नाव त्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका.

आणि स्वस्त पडेल का? पडू देऊ नका. एकाच मेसमध्ये, एकाच टेबलावर जेवणाऱ्या दोघांना एकाच कामाचे दोन भाव दिलेत, तर ते आठवड्यात कळतं. यॉटवर पगार कोणी लपवत नाही. अर्ध्या पगारावर आलेला मुलगा वर्षभरात सगळं शिकून शेजारच्या बोटीवर जाईल, आणि उरलेला क्रू शेठबद्दल जे बोलेल ते बंदरभर होईल. आंतीब तसं छोटं गाव आहे.

मुंबईतून सांभाळण्याबद्दल मुख्य नियम एकच: बोटीवर सूचना फक्त कॅप्टनकडून जाते, आणि कॅप्टनला फक्त तुमच्याकडून. शेठचा मुलगा रात्री अकराला डेकहँडला व्हॉट्सॲप करतो, ‘उद्या आम्ही सहा जण येतोय, जेटस्की तयार ठेव.’ डेकहँड घाबरून हो म्हणतो, कॅप्टनला सकाळी कळतं, शेफकडे सामान नसतं. हे दोनदा झालं की कॅप्टन दुसरीकडे अर्ज करायला लागतो. मुलाला प्रेमानं सांगायचं काम तुमचं आहे, कॅप्टनचं नाही. सहलीच्या तारखा किमान दहा दिवस आधी द्या. बदलणार असतील तर बदलतील म्हणून सांगा, क्रूला ते चालतं. शेवटच्या क्षणापर्यंत काहीच न सांगणं चालत नाही.

पगाराची तारीख पाळा. भारतातून परदेशी पैसे पाठवताना बँकेचे कागद, मंजुऱ्या, सुट्ट्या आडव्या येतात हे मला माहीत आहे. डेकहँडला ते माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. बोटीच्या मालकी कंपनीच्या युरो खात्यात तीन महिन्यांचा खर्च आगाऊ ठेवा. ब्रिटनजवळच्या गर्न्सी बेटावर क्रूचे करार आणि पगार सांभाळणाऱ्या कंपन्या आहेत. आठ माणसांसाठी त्यांची फी परवडते, आणि देशोदेशीच्या सामाजिक सुरक्षेची डोकेदुखी त्या उचलतात.

कॅप्टनला खर्चाची मर्यादा द्या. समजा ५ हजार युरोपर्यंत तो स्वतः ठरवेल, त्यावर तुमची परवानगी, २० हजारांवर तीन कोटेशनं. आणि कमिशनबद्दल न लाजता बोला. किराणा पुरवणारा, डिझेलवाला, रंगकाम करणारं यार्ड, कोणीतरी कधीतरी कॅप्टनला पाकीट देऊ पाहतंच. करारात स्पष्ट लिहा: न सांगितलेलं कमिशन म्हणजे तत्काळ बडतर्फी, आणि मिळालेली सूट मालकाच्या खात्यात. डिझेल घेताना टाकीची आधीची आणि नंतरची पातळी इंजिनिअरनं मोजून लिहायची, पावतीशी जुळवायची. मोठ्या रिफिटला स्वतंत्र सर्व्हेअर नेमा, त्याची फी वसूल होते. एवढं केल्यावर मात्र टॉयलेट पेपरच्या बिलावर फोन करू नका. एका ऑफिसनं क्रूच्या जेवणातले बदाम कापले होते. शेफ त्याच महिन्यात गेला आणि नवा आणायला लागलेल्या पैशांत दहा वर्षांचे बदाम आले असते.

राहिले महाराज. कांदा-लसूण नसलेलं जेवण फ्रेंच शेफ शिकू शकतो, मी शिकलेले पाहिलेत. पण घरच्याप्रमाणे रोजचा फुलका तव्यावरून थेट ताटात, ते त्याला जमत नाही आणि शेठना तेच हवं असतं. तेव्हा न्या. फक्त बोटीवर बंक मोजून असतात. क्रूच्या भागात नऊ असतील तर महाराज नववे, म्हणजे तिसरी स्टू किंवा महाराज, दोन्ही नाही. पाहुण्यांच्या केबिनमध्ये ठेवू म्हणाल तर घरची मंडळी तेवढी कमी. यावर शेठचा निर्णय आत्ताच घ्या. महाराज क्रू म्हणून येणार असतील तर त्यांनाही एसटीसीडब्ल्यू, वैद्यकीय तपासणी आणि व्हिसा लागेल. पाण्यात उडी मारायच्या प्रशिक्षणाला ते नकार देतील, तेव्हा आधी विचारा. गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, त्यांचा एक बर्नर, भांडी, कापायचा फळा आणि फ्रिजचा कप्पा वेगळा ठरवून द्या, आणि हे शेफला नेमणुकीच्या आधी सांगा. रुजू झाल्यावर कळलं तर तो अपमान समजतो. बोटीवर गॅसची शेगडी नसते, सगळं विजेवर चालतं, त्यामुळे फुलका फुगवायची जाळी आणि इंडक्शनवर चालणारा तवा दोन्ही मुंबईत आधी करून बघा. कढीपत्ता आणि हिंग त्यांनी येताना आणावेत. विमानतळावर ताज्या पाल्याला अडवतात, म्हणून वाळवलेला.